मिथिलीन ब्लू उन्हात जातो, मग डाईंगचं लाल पाणी का जात नाही?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय: चिकणमातीतली खनिजं आणि सूर्यप्रकाश वापरून पाण्यातला रंग मोडणं. हा विषय मी मागून घेतलाय. वडील सुताच्या डाईंगमध्ये आहेत आणि ते पाणी मी लहानपणापासून बघतेय. सकाळी मरून शेड चालला की गटार मरून, दुपारी बॉटल ग्रीन.

माती मामांच्या शेतातली, मंगळवेढ्याच्या शिवारातली. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, ती. पाण्यात कालवली, खडा-वाळू खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी ओतून वाळवलं आणि खलात बारीक केलं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलं. कॉलेजच्या स्टोअरला ते नव्हतं, म्हणून रंगाच्या दुकानातून पांढरी पावडर आणली. मिथिलीन ब्लूच्या फिकट द्रावणात ही भुकटी टाकून गच्चीवर ठेवली, तर अर्ध्या तासात पाणी जवळजवळ नितळ. सर खूश.

मग वडिलांना सांगून डाईंगमधलं खरं पाणी मागवलं. लाल, रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जुळवून बसणारा रंग). तीच भुकटी, तेच ऊन. सकाळी ठेवलेलं संध्याकाळीही लालच. पातळ करून पाहिलं, तरी फार फरक नाही.

सर म्हणतात मिथिलीन ब्लूवरच लिहून टाक, बहुतेक जण तेच करतात. पण आमच्याकडे मिथिलीन ब्लूने कोणी चादर रंगवत नाही. मला लाल पाण्याचं कळायला हवंय. कोणी या कामातलं असेल तर कृपया सांगा.

ईटीपी_ऑपरेटर

ताई, हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुना टाका, वरून थोडं पॉली (कण गोळा करणारं पॉलिमर). रंग खाली बसतो, आम्ही रोज तेच करतो. गाळ मात्र भरपूर निघतो. तो वाळवायला जागा लागते आणि उचलून न्यायचा खर्च वेगळा.

पूर्वभाग_सोलापूर

दादा, आभार. पण त्यात रंग पाण्यातून गाळात जातो, मोडत नाही ना? माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

डाईंगमास्तर

बाळा, विषय सोडू नकोस. माझं सगळं आयुष्य डाईंगमध्ये गेलं, शेवटची वर्षं तिथल्याच लॅबमध्ये. तू विचारलंयस ते कारखान्यात बसणाऱ्या माणसानं विचारायला हवं होतं. यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एकेक सोडवू.

आधी मातीचं बघ. काळ्या मातीतलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइटच्या कुळातलं, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेलं. त्याचे थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे. थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमनं घेतलेली असते. एकावर तीन धन भार, दुसऱ्यावर दोन, म्हणून अशा प्रत्येक जागी एक ऋण भार उरतो. तो भागवायला थरांच्या मधे कॅल्शियम, सोडियमचे आयन येऊन बसतात आणि सोबत पाणी घेतात. माती फुगते ती त्यामुळे, आणि ते पाणी गेलं की मामांच्या शेतात भेगा पडतात. शुद्ध माँटमोरिलोनाइट १ ग्रॅम घेतलं तर आतलं-बाहेरचं मिळून पृष्ठफळ ७०० चौरस मीटरच्या वर भरतं.

मिथिलीन ब्लू धनभारित. तो मातीत पडला की कॅल्शियमला बाजूला सारून थरांत शिरतो, उन्हाची वाट बघत नाही. फाउंड्रीत साच्याच्या वाळूत कामाची माती किती शिल्लक आहे हे याच रंगानं मोजतात, इतकी ती पकड भरवशाची आहे. रिॲक्टिव्ह लाल नेमका उलटा. त्याच्या रेणूला सल्फोनेटचे दोन-दोन, चार-चार गट असतात, म्हणून तो पाण्यात इतका छान विरघळतो आणि म्हणूनच तो ऋणभारित. ऋण माती, ऋण रंग: जवळच येत नाहीत. रंग मोडतो तो हायड्रॉक्सिल रॅडिकलनं, म्हणजे क्षणभरच टिकणाऱ्या एका आक्रमक कणानं. ते जिथं तयार होतं तिथल्या तिथंच खपतं, ते पाण्यातून रंगाला शोधत फिरत नाही. म्हणून रंग पृष्ठभागाजवळ येणं महत्त्वाचं.

आता ती पांढरी पावडर. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वर उडतो, त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि रॅडिकल तयार होतं. उडालेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, नाहीतर परत आपल्या जागी पडतो आणि सगळं फुकट जातं. १९७२ साली जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं, तिथून या विषयाला जोर आला. पण भिंतीला रंग लावणाऱ्याला ही ताकद नको असते. ती असेल तर उन्हानं रंगाचा वरचा थर खडूसारखा हाताला लागायला लागतो. म्हणून रंगातली पावडर बहुतेक रूटाइल जातीची, आणि तिच्या कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप चढवलेला असतो, मुद्दाम, ती मंद पडावी म्हणून. तुला हवं ॲनाटेज, म्हणजे त्याचीच दुसरी जात, लेप नसलेलं. जगभर प्रयोगांना पी-२५ नावाची पावडर घेतात, त्यात सुमारे ८० टक्के ॲनाटेज, कण २० नॅनोमीटरच्या आसपास. त्यालाही ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची मजल मारावी लागते, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश चालतो. उन्हात तो ४-५ टक्के. बाकीचं ऊन पाणी तापवतं आणि उडवतं.

तेव्हा अर्ध्या तासात निळा गेला तो बहुधा मातीत जाऊन बसला. आजच करून बघ: सारख्या दोन बाटल्या, एक उघडी, एक काळ्या कापडात घट्ट गुंडाळलेली, दोन्ही शेजारी-शेजारी उन्हात. झाकलेलीही नितळ झाली तर उन्हाचा त्यात हात नाही. तळाचा गाळही बघ. मिथिलीन ब्लू या मातीवर दाटीनं बसला की जांभळट दिसतो. आणि नितळ पाणी वेगळं काढून हवेत जोरात हलव. निळं परत आलं तर रंग मोडला नव्हता, फक्त बिनरंगी रूपात गेला होता.

तिसरी आणि खरी अडचण त्या लाल पाण्याची. वडिलांना विचार, गडद लाल बॅचला मीठ किती पडतं. लिटरला ५०-६० ग्रॅम, कधी ८०. वर सोडा ॲश, पीएच ११ च्या घरात. एवढं करूनही कापसाला सगळा रंग लागत नाही. रंगाच्या जातीप्रमाणे १० ते ४० टक्के पाण्याशी संयोग पावून निकामी होतो आणि धुण्यात निघतो. तुझ्या बाटलीत तो आहेच, पण त्याच्या कितीतरी पट कार्बोनेट आहे. कार्बोनेट रॅडिकल गिळतं. बायकार्बोनेटही गिळतं, पण कार्बोनेट त्याच्या ४५ पट वेगानं. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच साडेसहाच्या वर ऋण होतो. म्हणजे ११ ला मातीही ढकलते, टायटॅनियमही ढकलतं, आणि जे काही रॅडिकल बनेल ते सोडा खातो. त्यात पाणी इतकं लाल की प्रकाश वरच्या थरातच अडतो. पाणी पातळ करून यातलं थोडंच सुटतं.

रात्र झाली. उरलेलं नंतर लिहितो.

मृदा_संशोधक

मास्तरांनी छान सांगितलंय. मातीच्या बाजूने थोडी भर घालते.

आपल्या जिल्ह्यातली काळी माती चुनखडीची आहे. ताई, तुमच्या भुकटीवर सौम्य आम्लाचा थेंब टाका, फसफसेल. तो चुना राहिला तर तुम्ही कितीही आम्ल घाला, पीएच पुन्हा वर चढत राहील आणि मास्तर म्हणतात तो बायकार्बोनेट तुम्ही स्वतःच पाण्यात सोडत राहाल. आम्ही चुना काढायला पीएच ५ चा सोडियम ॲसिटेट बफर वापरतो आणि नंतर भरपूर पाण्याने धुतो. जोरदार आम्ल नको, त्याने खनिजाचे थरच खराब होतात. मातीतला कुजलेला पालापाचोळाही रॅडिकल खातो. तो हायड्रोजन पेरॉक्साइडने गरम करून घालवा. फेस उतू जातो, मोठं बीकर घ्या.

दुसरं म्हणजे, नुसतं गढूळ पाणी ओतून घेतलं तर त्यात गाळवट कण बरेच येतात. २० अंश तापमानाच्या पाण्यात २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास लागतात. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट चिमूटभर टाकून ढवळा, भांडं हलवू नका, तेवढ्या वेळाने वरचं १० सेंटिमीटर सायफनने काढा. आपल्याकडचं पाणी कोमट असतं, त्यामुळे वेळ त्याहून कमी धरा. ते पाणी दिवसेंदिवस नितळत नाही, पण थोडं मीठ घातलं की चिकणमाती गोळा होऊन खाली बसते. मग मीठ जाईपर्यंत धुवा.

तुलनेला बाजारातलं बेंटोनाइट घ्या, कच्छकडचं सहज मिळतं. शेतातल्या मातीत खनिज किती शुद्ध हे एक्स-रे डिफ्रॅक्शनशिवाय सांगता येत नाही.

पूर्वभाग_सोलापूर

मॅडम, काका, दोघांचे मनापासून आभार.

दोन बाटल्यांचं करून पाहिलं. कापडातली बाटलीसुद्धा नितळ झाली. दोन्हींचा गाळ जांभळा आहे, आणि उन्हातला झाकलेल्यापेक्षा किंचित फिका वाटतो, पण डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. भुकटीवर आम्लाचा थेंब टाकला तर खरंच फसफसली. सरांना दाखवलं. ते म्हणाले, हे सगळं प्रबंधात लिही, याला किंमत आहे.

वडिलांनी मिठाचा आकडा लिटरला ६० ग्रॅम सांगितला. आता प्रश्न असा की काळी माती यात ठेवायची तरी कशाला? नुसतं ॲनाटेज का नको?

डाईंगमास्तर

हा प्रश्न मला आवडला.

नुसतं पी-२५ पाण्यात टाकून बघ, दुधासारखं होतं आणि बसता बसत नाही. काम झाल्यावर ते परत कसं काढणार? गटारीत सोडलं तर आपणच नवीन प्रदूषण केलं. शिवाय इतके बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आतल्या कणांना प्रकाश मिळत नाही. माती त्यांना बसायला जागा देते, सुटं सुटं ठेवते, आणि नंतर जड होऊन तळाला बसते. त्यासाठी खलात दोन पावडरी घोटून भागत नाही. पीएच ३-४ ला टायटॅनियमचा पृष्ठभाग धन असतो आणि मातीचे थर ऋण, तेव्हा त्या पीएचला दोन्हींची वेगवेगळी पातळ खिचडी करून हळूहळू एकत्र ढवळ. आपोआप चिकटतात. धू, वाळव, आणि भट्टी मिळाली तर ४०० अंशाच्या आसपास तापव म्हणजे पक्कं होतं. याच्याही पुढे जाऊन थरांच्या मधे टायटॅनियमचे खांब उभे करतात, पण ते एम.एस्सी.च्या वेळात बसवणं अवघड.

पण तुझ्या जागी मी असतो तर टायटॅनियमच्या आधी लोहाकडे गेलो असतो. कारण ऐक. मातीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिला की तो पृष्ठभाग पीएच ७-८ च्या खाली धन असतो. म्हणजे सल्फोनेटवाला लाल रंग आपण होऊन येऊन बसतो, भाराची भानगडच उलटली. मग थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. लोह पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल काढतं, हे फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ सालीच नोंदवलेल्या अभिक्रियेचं रूप. प्रकाशानं काय होतं, तर वापरलं गेलेलं लोह परत कामाच्या रूपात येतं. नुसत्या हिराकसनं ते करायचं तर पीएच ३ लागतो आणि शेवटी लोहाचा गाळ. लोह मातीवर बांधलेलं असेल तर गाळ कमी, तीच माती पुन्हा वापरता येते. आणि पेरॉक्साइड आपल्या गावाला नवीन नाही. टॉवेलवाले ब्लीचिंगला तेच वापरतात, कारखान्यात कार्बॉय पडलेले असतात.

लोह मातीवर खरंच बांधलं गेलंय का हे तपासायला साध्या पाण्यात, रंग न घालता, सगळा प्रयोग कर आणि गाळून घेतलेल्या पाण्यात आम्ल आणि थायोसायनेटचे थेंब टाक. पाणी लाल झालं तर लोह सुटतंय. रंगीत पाण्यात ही चाचणी दिसणार नाही.

आता पाणी. पहिल्या हौदाचं मिठाचं-सोड्याचं पाणी मागू नकोस. रंगवल्यावर सुताला गार धुणं, मग आम्ल देऊन सोडा मारणं, मग साबणाचं गरम पाणी, मग पुन्हा धुणं. वडिलांना शेवटच्या दोन धुण्यांचं पाणी वेगळ्या डब्यात आणायला सांग. त्यात रंग आहे पण मीठ कमी. पीएच ४-५ वर आण. कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाईल, ढवळत राहा. आम्ल सल्फ्युरिक घे. डाईंगमध्ये ॲसेटिक वापरतात, पण ते स्वतःच सेंद्रिय आहे, सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) वाढवतं. हायड्रोक्लोरिकही नको, कारण आम्लात क्लोराइडही रॅडिकल पकडायला लागतं आणि क्लोरिनयुक्त अवशेष होण्याची भीती असते. मीठ कमी असलेलं पाणी घ्यायचं त्यामागे हेही कारण आहे.

आणि हात जोडून सांगतो, नुसता रंग गेल्यावर थांबू नकोस. लाल रंगात दोन नायट्रोजनचा अझो दुवा असतो. रॅडिकलनं आधी तोच तुटतो आणि रंग डोळ्यांसमोरून जातो. उरलेले ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारख्या वलयांचे, तुकडे पाण्यातच असतात, आणि त्यांतले काही, विशेषतः ॲरोमॅटिक अमाइन, मूळ रंगापेक्षा वाईट. पाणी पांढरं दिसतं आणि लोक ते शेताला लावतात. म्हणून सीओडी मोजायचाच. नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेल्या पाण्याचा सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत लागतो, बीओडी (जीवाणूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) ३०. सीओडी लावण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड मारून घे, नाहीतर तेच चाचणीतलं डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगतो. मिठानंही फुगतो, तिथे मर्क्युरिक सल्फेट घालतात, ते जपून, पारा आहे.

ईटीपी_ऑपरेटर

मास्तर, शेवटचं धुणं वेगळं काढायचं म्हणजे पाइपलाइन वेगळी करावी लागेल. आमच्याकडे सगळं एकाच टाकीत येतं.

डाईंगमास्तर

होय, आणि मोठी अडचण तीच. सगळं एकत्र झालं की कुठलीच पद्धत धड चालत नाही, हिराकससुद्धा.

चादर_कारखानदार

नमस्कार. आमची छोटी डाईंग आहे, रोज वीसेक हजार लिटर पाणी. हे उन्हाचं प्रत्यक्षात करायचं तर जागा किती लागेल? खरं सांगा.

डाईंगमास्तर

शेठ, हिशोब करू. पाणी खोल असलं तर खाली प्रकाश जात नाही, म्हणून ५ सेंटिमीटरचा थर धरा. १ चौरस मीटरला ५० लिटर. २०,००० लिटरला ४०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४ गुंठे, तेही एका दिवसात काम झालं तर. दोन दिवस लागले तर ८ गुंठे. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत काय, हा प्रश्न उरतोच. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर केंद्रात वक्र आरशांवर काचेच्या नळ्या ठेवून त्यातून पाणी फिरवतात, त्यानं प्रकाश चहूबाजूंनी मिळतो, पण खर्च वेगळा.

म्हणून सगळ्या पाण्याला हे लावा असं मी कधीच म्हणणार नाही. मिठाचं पाणी वेगळं, त्याचा रस्ता वेगळा. जीवाणूंच्या टाकीतून गेल्यावर जो हट्टी रंग उरतो, त्या थोड्या पाण्याला हे लावता येईल. आमच्या या पोरीनं आकडे काढले तर तुम्हाला त्यावर ठरवता येईल. तिला तुमच्याकडचं शेवटच्या धुण्याचं पाणी द्याल का?

चादर_कारखानदार

अवश्य. ताई, डबा घेऊन या. कुठल्या शेडचं पाहिजे ते आदल्या दिवशी सांगा, म्हणजे बॅच लावताना माणसाला सांगून ठेवतो.

पूर्वभाग_सोलापूर

खूप आभार! लाल आणि टर्क्वॉइज, दोन्ही चालतील. एकच विचारते: रंग मोडलेल्या पाण्यात मालदांडी ज्वारीचं बी उगवून बघायचं ठरवलंय, विष उरलंय का हे कळायला. चालेल?

मृदा_संशोधक

उत्तम. पण मिठानेही उगवण कमी होते, तेव्हा तेवढंच मीठ घातलेल्या साध्या पाण्यात एक वाटी बी ठेवा, आणि एक वाटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात. पीएच आधी ७ वर आणा. उगवलेले दाणे मोजा आणि मुळाची लांबीही घ्या. मूळ आधी बोलतं.

डाईंगमास्तर

टर्क्वॉइजबद्दल सांगायचं राहिलं. त्यात बहुधा तांब्याचा थॅलोसायनाइन असतो. तो मोडला की तांबं पाण्यात सुटतं, आणि बियांना तांबं चालत नाही. तिथे तांबंही मोजावं लागेल. सुरुवात लालनंच कर.

गच्चीवर पसरट ताट वापर, कडेला पाण्याच्या पातळीची खूण कर. आपल्या उन्हात पाणी भराभर उडतं आणि रंग घट्ट होतो; दर वेळी नमुना काढण्याआधी डिस्टिल्ड पाणी घालून खुणेपर्यंत आण. पेरॉक्साइड ५० टक्क्यांचं असेल तर आधी पातळ करून मगच माती जवळ ने, हातमोजे आणि चष्मा घालून. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र असलेल्या बाटलीचं झाकण कधीही घट्ट लावायचं नाही, गॅस सुटतो आणि बाटली फुटते. वडिलांनाही हे सांगून ठेव, ते मदतीला येतील तेव्हा.